तारा कधी लावावा?

दिवाळीचा आकाशकंदील उतरला, तुळशीची लग्ने आटोपली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, म्हणजे आपल्या पांढुर्णा-सौंसरकडील ख्रिस्ती घरांतून दरवर्षी एक प्रश्न डोके वर काढतो. प्रश्न दिसावयास लहान आहे. नाताळची सजावट कधी सुरू करावी? दारावर तारा कोणत्या दिवशी चढवावा?

लेकरे नोव्हेंबरपासूनच माळ्यावरची पेटी खाली काढा म्हणून मागे लागतात. घरातील बाई म्हणते, आधी घर झाडून-पुसून होऊ द्या, भिंतींना रंग लागू द्या, मग तुमचे तारे नि माळा. आजोबा म्हणतात, आमच्या लहानपणी चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत काही दिसत नव्हते, आणि म्हणूनच ती संध्याकाळ आमच्या ध्यानात राहिली. शेजारच्या घरी एक डिसेंबरलाच विजेची माळ लुकलुकू लागली, की आपल्याही हातांना घाई सुटते. बाजारात तर दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच त्याच खिळ्यांना तारे लटकलेले दिसतात. आम्ही गोटमारीच्या गावचे. जाम नदीचे दोन तीर धरून समोरासमोर उभे राहावयास आम्हांस फार वेळ लागत नाही. ह्या वादात दगड नसतात एवढेच. शब्द मात्र असतात, आणि कधीकधी ते लागतात.

इतक्या लहान गोष्टीसाठी मासिकाची पाने कशाला खर्ची घालावीत, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु आमच्याच गल्लीत एक लहानसा प्रसंग घडला आणि हा प्रश्न आम्ही समजत होतो तितका लहान नाही, असे आमच्या लक्षात आले. तो प्रसंग पुढे सांगू. आधी ह्या बाबतीत पवित्र शास्त्र व आपला इतिहास काय सांगतो, ते पाहू.

शास्त्रात ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर नाही. सजावटीच्या दिवसाचे तर राहोच, प्रभूच्या जन्माची तारीखसुद्धा शुभवर्तमानांत दिलेली नाही. मत्तय आणि लूक ह्यांनी राजाचे नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले, उतारशाळेत जागा नव्हती हेही सांगितले, पण महिना व दिवस सांगितला नाही. पंचवीस डिसेंबर ही तारीख रोममधील इ. स. ३५४ च्या एका पंचांगात आढळते; म्हणजे प्रभूच्या जन्मानंतर तीन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीस जन्मोत्सव पाळते. तेव्हा ज्या सणाची तारीखच मंडळीने मागाहून ठरविली, त्याच्या सजावटीचा मुहूर्त आकाशातून उतरलेला असणे शक्य नाही.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात दिवस पाळण्यासंबंधी वाद हाताळला आहे. तेथे कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानीत होता, तर कोणाला सर्व दिवस सारखे होते. पौलाने दोघांपैकी कोणालाही खोटे ठरविले नाही. ज्याने त्याने आपल्या मनाची पुरती खात्री करून घ्यावी, आणि पाळणाऱ्याने ते प्रभूसाठी पाळावे, एवढेच त्याने मागितले. ह्यावरून एक गोष्ट निश्चित होते. पहिल्या तारखेस तारा लावणारा उथळ आणि चोवीस तारखेस लावणारा भाविक, किंवा उलट, लवकर लावणारा उत्साही आणि उशिरा लावणारा कोरडा, असा निवाडा करण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही दिलेला नाही.

आपल्या इतिहासाकडे पाहिले तर हेच दिसते. आपला भाग मोठा नवलाचा आहे. भाषेने आपण मराठी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. पण बाजार, लग्नसंबंध आणि दवाखाना ह्यांसाठी आपले तोंड पुष्कळ वेळा नागपूरकडेच असते. सुवार्ताही आपल्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या हातांनी आली. नागपुरास १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप ह्यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे कार्य सुरू केले. छिंदवाड्याच्या बाजूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनचे लुथरन मिशनरी आले. मध्यप्रदेशातील इव्हँजेलिकल लुथरन मंडळीचे मुख्य ठाणे आजही छिंदवाड्यासच आहे.

आता गंमत पाहा. स्वीडिश लुथरन लोक आगमनकाळ मोठ्या प्रेमाने पाळणारे. नाताळपूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिला रविवार उगवला की त्यांच्या घरांत मेणबत्ती लागलीच. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर ह्यांच्या दरम्यान येतो. उलट स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांनी नाताळ पाळणेच सोडून दिले होते. शास्त्रात ज्याची आज्ञा नाही तो सण पाळू नये, असे त्यांचे म्हणणे. १६४० साली तेथील पार्लमेंटाने नाताळची सुटी कायद्याने बंद केली, आणि स्कॉटलंडात पंचवीस डिसेंबर हा सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो १९५८ साली! अहमदनगरकडे ज्यांचे कार्य झाले त्या अमेरिकन मराठी मिशनच्या पूर्वजांची गोष्टही अशीच. ते मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन परंपरेतले. त्या वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला होता आणि तो १६८१ पर्यंत रद्द झाला नव्हता. आज दारावर तारा लावताना आपणांपैकी किती जणांस ठाऊक असते, की ज्यांच्याकडून आपणांस शास्त्र मिळाले त्यांतील काहींच्या पणजोबांनी ह्याच ताऱ्यासाठी आपणांस दंड ठोकला असता?

पण कथा तेथे थांबत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. त्यांत आगमनकाळ पाळणारे अँग्लिकन होते, आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे लोकही होते. त्या वर्षाचे पंचांग काढून पाहावे. तो दिवस रविवार होता, आणि आगमनकाळाचा पहिला रविवार होता. ज्यांच्या पूर्वजांना तो काळ मान्य नव्हता, ते आणि ज्यांना तो प्रिय होता ते, त्याच दिवशी एका मंडळीत आले. आपला मुहूर्त खरा की त्यांचा, हे कोणी सिद्ध केले म्हणून हे घडले नाही. एकमेकांसाठी थोडे थांबावयास दोघेही तयार झाले, म्हणून घडले. त्या एकीच्या वाटाघाटी पुष्कळ वर्षे चालल्या होत्या, हेही विसरू नये.

आता दोन्ही बाजूंचे म्हणणे सरळ मनाने ऐकून घेऊ.

उशिरा लावणाऱ्यांचे म्हणणे असे, की वाट पाहणे हाही उपासनेचाच भाग आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस गॉल देशातील तूर येथे नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करण्याचा नियम होता. म्हणजे प्राचीन मंडळीने सणापूर्वीचे आठवडे गोडधोड व रोषणाई ह्यांसाठी ठेवले नव्हते. पोट थोडे रिकामे ठेवून मन तयार करण्यासाठी ठेवले होते. जर्मनीतील पुष्कळ घरांत नाताळचे झाड चोवीस तारखेच्या संध्याकाळीच उजळत असे, आणि तोपर्यंत मुलांना त्या खोलीत पाऊल टाकता येत नसे. ज्या सणाची चव महिनाभर आधीच घेतली, तो पानात पडतो तेव्हा भूक उरलेली नसते. आपल्याकडेही हे दिसते. पंचवीस तारखेला दुपारी जेवण झाले की नाताळ संपल्यासारखा वाटतो, आणि खरे पाहता मंडळीच्या रीतीप्रमाणे तो त्या दिवशी सुरू होऊन सहा जानेवारीपर्यंत चालावयाचा असतो. आपण आरंभी महिनाभर सजवतो आणि खऱ्या बारा दिवसांत माळा काढून ठेवतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे.

लवकर लावणाऱ्यांचे म्हणणेही ऐकावे. डिसेंबरात रात्र मोठी. दिवसभर बागेत संत्रा तोडून किंवा शेतात कापूस वेचून माणूस घरी येतो तेव्हा अंधार पडलेला असतो. अशा वेळी दारावर एक दिवा दिसला तर त्यात वाईट काय? लेकरांना महिनाभर आनंद मिळाला तर कोणाचे बिघडले? आणि ज्या गावात ख्रिस्ती घरे मोजकीच, तेथे तो तारा ही एक मूक साक्षही आहे. शेजारी विचारतात, हा तारा कशाचा? आणि मग सांगावयास तोंड उघडते. घरोघरी दिवाळीला कंदील लागतो तेव्हा आपण त्यांच्या दारी फराळास जातो. आपला तारा पाहून तेही आपल्या दारी येतात. ह्या म्हणण्यातही तथ्य आहे.

ह्या दोहोंच्या मध्ये एक जुनी गोष्ट आम्हांस फार आवडते. जर्मनीत हांबुर्ग शहराजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाच्या प्रॉटेस्टंट पाळकाने १८३३ साली अनाथ व दरिद्री मुलांसाठी एक आश्रम काढला होता. डिसेंबर लागला की तेथील मुले रोज विचारीत, नाताळ केव्हा, नाताळ केव्हा? १८३९ साली विखर्नने गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसविल्या. चार रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल. रोज एक मेणबत्ती अधिक लावावयाची. मुलांनी उजेड मोजावा आणि सण किती जवळ आला ते स्वतःच पाहावे. आज जगभर मंडळ्यांत आगमनकाळात जे चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे ठेवतात, त्याची सुरुवात ह्या चाकापासून झाली. विखर्नने आनंद चोवीस तारखेपर्यंत कुलुपात ठेवला नाही, आणि पहिल्या दिवशी सगळा उधळूनही टाकला नाही. शिवाय ते चाक एकाच्या घरचे नव्हते. सर्व मुले एकाच चाकाकडे पाहत होती. कोणाचे चाक मोठे आणि कोणाकडे चाकच नाही, असा भेद तेथे नव्हता.

हा शेवटचा मुद्दा त्या वेळी आम्हांस सुचला नव्हता. तो आम्हांस आमच्या गल्लीतल्या एका बाईने शिकविला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरी तारा एक डिसेंबरला लावण्याची रीत पडली होती. आम्हां उभयतांना त्याचा थोडा अभिमानही होता. गल्लीत पहिला तारा आमचा. मुलाने नागपूरहून मोठा तारा आणला होता, आत रंग बदलणारा दिवा होता, आणि तो वळणापासून दिसे. आमच्यापासून चार घरे पुढे एक मावशी राहतात. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजले. मुली सासरी गेल्या. मावशी हंगामात संत्र्याच्या तोडणीस व कापसाच्या वेचणीस जातात. देवळात त्यांची जागा सहसा रिकामी नसते. त्या एके संध्याकाळी मजुरी आटोपून येताना आमच्या दाराशी थांबल्या. ताऱ्याकडे पाहत म्हणाल्या,

"भाऊ, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला ना, मावशी."

"तुमचा तारा चांगलाच दिसते. पण तो लागला का माझं घर अंधारात दिसाले लागते. काल परवापर्यंत गल्ली सारखीच होती. तुम्ही चोवीस तारखेला लावला असता, तं एकच रात्र दिसलं असतं. आता महिनाभर दिसन."

आम्ही खरोखर गप्प झालो. मग, अशा वेळी माणसाच्या तोंडून जे पटकन निघते तेच आमच्या तोंडून निघाले. आम्ही म्हटले, "मावशी, आम्ही तुम्हांला एक तारा आणून देतो."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "तारा मागाले नाही आली मी, भाऊ. पन्नास-शंभराचा तारा मीही आणीन. ते होते तवा आम्ही दोघं बसून बनवत होतो. कामट्या ते सोलत, खळ मी शिजवत होती. आता कोणासंग बनवू?"

आणि त्या आपल्या घराकडे चालू लागल्या.

त्या रात्री आम्हांस झोप लवकर आली नाही. आम्ही कोणाचे काही हिरावून घेतले नव्हते. तारा आमच्या पैशांचा, भिंत आमची, वीज आमची. तरी आमच्या उजेडाने दुसऱ्याचा अंधार मोजला जात होता, आणि आम्ही जितके दिवस लवकर सुरुवात केली तितके दिवस तो अधिक मोजला जाणार होता. तारीख ही आम्हांस आमच्या घरातली बाब वाटत होती. मावशींच्या एका वाक्याने ती गल्लीची बाब झाली.

तेव्हा आम्हांस रोमकरांसच्या चौदाव्या अध्यायाबरोबर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आठवला. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आपापले जेवण घेऊन पुढे होत व पोटभर खात. ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत. पौल तेथे फार कठोर होतो. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजविता काय, अशा अर्थाचा प्रश्न तो विचारतो. आणि एवढा मोठा दोष दाखवून झाल्यावर तो त्यावर उपाय कोणता सांगतो? तो नवा कायदा करीत नाही. मेजवानी बंद करा असेही म्हणत नाही. एकमेकांसाठी थांबा, एवढेच सांगतो. म्हणजे करिंथकरांचे पाप हे एका अर्थी वेळेचे पाप होते. भाकर तीच, मेज तेच, प्रभूही तोच. पण काही जण आधी बसले, आणि त्या आधी बसण्याने मंडळी दोन झाली.

ह्यावर कोणी म्हणेल, पौलाने तेथेच असेही सांगितले आहे की भूक लागलेल्याने आपल्या घरी खावे. मग आमच्या घरावरचा तारा हा आमच्या घरचाच नव्हे काय? हा आक्षेप योग्य आहे आणि आम्ही त्यावर बराच विचार केला. आमचे उत्तर असे. घरातली गव्हाणी, झाड, भिंतीवरच्या पताका, लेकरांनी चिकटवलेले कागदी देवदूत, हे सर्व घरचे. ते ज्याने त्याने आपल्या कुटुंबाच्या मनाप्रमाणे, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी म्हणा की चोवीस तारखेला म्हणा, मांडावे. पण दारावरचा तारा आतल्यासाठी नसतो. घरात बसलेल्याला तो दिसतही नाही. तो रस्त्यासाठी असतो. जी वस्तू आपण मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून लावतो, तिच्या बाबतीत रस्त्यावरून जाणाऱ्याचा विचार करणे आपणांस चुकत नाही.

दुसराही आक्षेप आहे, आणि तो अधिक अवघड आहे. प्रत्येक घरी आनंद होईपर्यंत कोणीच आनंद करावयाचा नाही असे ठरविले, तर जगात कधी कोणी दिवा लावूच शकणार नाही. कोठे ना कोठे दुःख असतेच. बेथलेहेमातही ज्या सुमारास देवदूतांनी गाणे गाइले, त्यानंतर थोड्याच काळाने आयांचा आकांत ऐकू आला. हे खरे आहे. म्हणून थांबणे म्हणजे दिवा न लावणे, असा अर्थ आम्ही घेत नाही. मावशींनीही आमचा तारा काढा असे म्हटले नव्हते. आम्ही तो लाजेपोटी उतरवून ठेवला असता, तर गल्लीत दोन घरे अंधारी झाली असती. मावशींच्या घरी उजेड पडला नसता. एकमेकांसाठी थांबणे ह्याचा अर्थ, मागे राहिलेला आपल्याबरोबर येईपर्यंत पाऊल थोडे आवरणे, आणि त्या वेळात त्याच्याकडे जाणे. विश्वासणाऱ्याचे वाट पाहणे हे हात बांधून बसणे नव्हे.

त्या वर्षी आमचा तारा तसाच राहिला. पुढच्या वर्षी आम्ही तो एक तारखेला लावला नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर गल्लीतील लेकरांना घेऊन आम्ही मावशींच्या ओट्यावर बसलो. बांबू आणला, कामट्या सोलल्या. आजकालच्या मुलांना कामटी सोलता येत नाही, आणि आमच्याही हाताची सवय गेली होती. दोघांची बोटे कापली. मावशींनी पिठाची खळ शिजविली आणि पहिला सांगाडा वाकडा झाला तेव्हा आम्हांस चांगलेच बोलल्या. रविवारी दुपारी आणि मध्ये सवड मिळेल तशा संध्याकाळी काम चालले. तिसऱ्या रविवारी नऊ तारे तयार झाले, त्यांतले दोन-तीन पाहण्यासारखे होते. त्या संध्याकाळी ते एकाच वेळी नऊ घरांवर चढले. नागपूरचा मोठा तारा आम्ही घरात लावला, लेकरांसाठी.

सर्व काही गोड झाले असे मात्र सांगत नाही. एका घरच्यांना आमची कल्पना पटली नाही. त्यांनी आपली विजेची माळ नेहमीप्रमाणे पहिल्या तारखेसच लावली. त्यांना कोणी काही बोलले नाही, आणि बोलावयाचेही नव्हते. नाहीतर आम्ही एक नवाच नियम काढून त्याने लोकांना मापू लागलो असतो, आणि पौलाचा चौदावा अध्याय आमच्याच विरुद्ध उभा राहिला असता. दुसऱ्या एका घरी नोव्हेंबरात मृत्यू झाला होता. त्यांच्यासाठीही तारा केला होता. घरचे म्हणाले, यंदा राहू द्या. आम्ही आग्रह केला नाही. तो तारा मावशींच्या घरी वर्षभर जपून ठेवला, आणि चोवीस तारखेला गायनमंडळी फेरीस निघाली तेव्हा त्या दारी ढोलकी न वाजवता एकच गीत हळू आवाजात म्हणून थोडा वेळ बसून आली. दुःखी घरावर जबरदस्तीने दिवा लावणे ही देखील घाईच आहे.

ह्या अनुभवावरून आम्ही वाचकांपुढे काही गोष्टी ठेवू इच्छितो. त्या नियम म्हणून नव्हेत, विचारार्थ आहेत.

पहिली गोष्ट, तारीख ठरविण्यापूर्वी घरात एकत्र बसून बोलावे. लेकरांची उतावीळ, घरच्या बाईच्या कामाचा भार आणि म्हाताऱ्यांची आठवण, तिघांनाही त्यात जागा असावी. पुष्कळ घरांत सजावटीची हौस सर्वांची असते आणि श्रम एकटीचे असतात. जो लवकर सुरू करा म्हणतो, त्याने शिडी धरावयास व केर काढावयासही लवकर यावे.

दुसरी गोष्ट, उसनवारी करून रोषणाई करू नये. संत्र्याचा सौदा फसला किंवा कापसाचे पैसे अडकले, असे वर्ष आपल्या भागात अनोळखी नाही. अशा वर्षी बाजाराच्या घाईने आपली तारीख ठरू देऊ नये. दुकानदाराने नोव्हेंबरात माल मांडला तो त्याचा धंदा आहे; त्यात त्याचा दोष नाही. पण त्याचे पंचांग हे मंडळीचे पंचांग नव्हे. कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ ह्यांना आजही फार पैसे पडत नाहीत. वेळ पडतो, आणि तो वेळ कोणाच्या तरी शेजारी बसून घालवावा लागतो. ताऱ्याची खरी किंमत तीच आहे.

तिसरी गोष्ट, सहा जानेवारीपर्यंत तारा राहू द्यावा. सुटी संपली, पाहुणे गेले, की घरात उदास वाटते. एकट्या माणसाला तर फारच वाटते. मागी लोक तर ताऱ्यामागे मोठा प्रवास करून उशिराच आले, आणि प्रभूच्या घरी त्यांना कोणी उशीर का झाला असे विचारले नाही. आपल्या दारीही उशिरा येणाऱ्यासाठी एक दिवा असावा.

आगमनकाळात आपण म्हणतो, आम्ही प्रभूची वाट पाहत आहो. पण मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने स्वतः सांगून ठेवले आहे की तो भुकेल्याच्या, परक्याच्या, आजारी माणसाच्या रूपाने आपल्याकडे येतो, आणि पुष्कळांना ते ओळखूही येत नाही. तसे असेल, तर प्रभूची वाट पाहणे आणि चार घरे पलीकडे राहणाऱ्या मावशींसाठी थांबणे, ही दोन वेगळी कामे नव्हेत. एकीकडे आपण देवळात त्याच्या आगमनाची गीते गावी आणि दुसरीकडे तो मजुरी आटोपून आपल्याच दारावरून अंधाऱ्या घरी निघून जावा, असे आपणांकडून होऊ नये.

तेव्हा, वाचकहो, यंदा आपण तारा कोणत्या दिवशी लावावा हे आम्ही सांगत नाही. पहिल्या रविवारी लावा, पंधरा तारखेला लावा, नाहीतर आजोबांच्या रीतीप्रमाणे चोवीस तारखेच्या संध्याकाळी लावा. एवढेच करावे, की पेटी माळ्यावरून काढण्यापूर्वी एकदा संध्याकाळी आपल्या गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन यावे, आणि कोणत्या घरी ह्या वर्षी तारा बनवावयास दुसरे माणूस उरलेले नाही, ते पाहावे. तेथे जाऊन बसण्यात आठ दिवस गेले, तर जाऊ द्यावेत. जो काळाची पूर्णता होईपर्यंत थांबला आणि मग आपणांमध्ये राहावयास आला, तो प्रभू आपणांस ती थांबण्याची कृपा देवो.